पालकाची सही

धाकटीला बालवाडीत घातलं त्याच आठवड्यात मी माझा एम.ए.चा अर्ज भरला. तिच्या अर्जावर ‘पालकाची सही’ असा रकाना होता, तिथे मी सही केली. माझ्या अर्जावरही तोच रकाना होता, तो मी रिकामा सोडला. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. “वडिलांची नाहीतर मिस्टरांची सही लागेल, ताई.” मी चौतीस वर्षांची होते. थोरला दुसरीत होता. पालक मीच आहे, असं सांगावंसं वाटलं; पण मागे रांग होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची सही घेऊन गेले आणि प्रवेश झाला.

त्या कारकुनाचा दोष नव्हता. तो अर्ज ज्या विद्यार्थ्यासाठी छापला होता तो अठरा वर्षांचा होता, त्याचा डबा दुसरं कुणीतरी भरत होतं आणि कॉलेज सुटल्यावर पाळणाघराच्या दारात त्याची कुणी वाट पाहत नव्हतं. आपली विद्यापीठं अजूनही याच एका विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून वेळापत्रक लावतात, हजेरी मोजतात, परीक्षेच्या तारखा काढतात. मुलं झाल्यावर शिकायला निघालेल्या बाईचं घोडं अडतं ते इथे. तिच्या बुद्धीचा किंवा जिद्दीचा प्रश्न फार क्वचित असतो.

‘प्रौढ शिक्षण’ म्हटलं की आपल्याला साक्षरतेचा वर्ग आठवतो, पाटी-पेन्सिल आणि अंगठ्याच्या जागी आलेली सही. तिशीत पदवीला बसणाऱ्या आईसाठी आपल्याकडे नावच नाही. ब्रिटनमध्ये एकविशी ओलांडून पहिल्यांदा पदवीला येणाऱ्यांची वेगळी गणती होते. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवी करणाऱ्या आईबापांचं उत्पन्न कमी असेल, तर मुलांच्या सांभाळाच्या खर्चापैकी ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी अनुदानातून मिळू शकते. आपल्या प्रवेश-अर्जात तर ‘तुम्हाला मुलं आहेत का’ हा प्रश्नही नसतो, मग अशा विद्यार्थिनी किती हे कळणार कसं?

याचं वाईट वाटतं, कारण महाराष्ट्रात सुरुवात अशी झाली नव्हती. इथे स्त्री-शिक्षणाच्या पहिल्या पिढ्यांमध्ये संसारी बायका होत्या, विधवा होत्या, लेकुरवाळ्या होत्या. पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हा पदरी लहान मुलगा होता. धोंडो केशव कर्वे हे त्यांच्या बहिणीचे यजमान. पार्वतीबाईंनी सव्विसाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली, पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून पैसे उभे केले आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेला गेल्या. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून रमाबाई रानड्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग चालवले. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांनी शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं. बाईचं आयुष्य जसं आहे तसं धरून शिक्षणाची आखणी करायची, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती.

आता आजचा हिशेब. पदवीला एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात आणि तासिकेच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला वीस-बावीस तास वर्गात बसणं झालं. जाणं-येणं, वाचन, सबमिशन वेगळं. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरतात. २० क्रेडिटचे ६०० तास होतात. ते सहा महिन्यांवर पसरले तर रोजचे सव्वातीन तास. ‘मुक्त विद्यापीठ म्हणजे नुसती परीक्षा द्यायची’ असं जे सर्रास बोललं जातं, त्याने बायकांचं फार नुकसान केलं आहे. प्रवेश घेताना कुणी तास सांगत नाही, आणि मग पहिल्या सत्राला दोन विषय राहिले की ती समजते, आपल्याला झेपत नाही.

हे तास आणायचे कुठून? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला दिवसाचा वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. मुलाबाळांची, घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यात १३७ मिनिटं घालवतात, पुरुष ७५. म्हणजे लहान मुलांच्या आईचे सातेक तास घरातच जातात. नोकरी असेल तर दिवस तिथेच संपतो. माझा अभ्यास पहाटे साडेचार ते सहा आणि रात्री मुलं झोपल्यावर व्हायचा. वर्षभर असं रेटल्यावर तब्येतीने दाद मागितली. त्यानंतर आम्ही घरात कामं वाटली: सकाळचा डबा आणि शाळेची बस नवऱ्याकडे, रविवारची दुपार पूर्ण माझी. ‘मदत करतो’ असं म्हणणं तेव्हाच बंद झालं. ती त्याची कामं झाली. ज्या घरात ही वाटणी होत नाही तिथे फी कितीही कमी असली तरी शिक्षण पुरं होणं अवघड आहे, हे मी स्पष्ट सांगते.

मार्ग मुख्यतः दोन. रोज कॉलेजात जायचं किंवा मुक्त-दूरस्थ पद्धतीने शिकायचं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासूनचं, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलं. मात्र फी भरण्याआधी त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. नर्सिंग, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, कायदा अशा अभ्यासक्रमांना ही पद्धत चालत नाही. पीएच.डी.लाही नाही. ‘घरबसल्या नर्सिंग’ असं कुणी सांगत असेल तर त्या दारात उभं राहू नका.

मुक्त विद्यापीठाची संपर्कसत्रं, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचे तास, बहुतेक रविवारी असतात. नोकरदारांना ते सोयीचं. आईला रविवारीच मुलं दिवसभर घरी असतात. म्हणून अभ्यासकेंद्र निवडताना नावापेक्षा अंतर पाहावं.

नव्या शैक्षणिक धोरणातली एक गोष्ट आयांच्या खऱ्या उपयोगाची आहे आणि तिच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. मिळवलेले क्रेडिट २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात, साधारण सात वर्षांपर्यंत. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, आणि पुन्हा येऊन पुढे चालू करता येतं. राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही २०२४-२५ पासून ही रचना आली आहे. दुसऱ्या बाळंतपणात सोडलेलं कॉलेज आता कायमचं सुटलेलं नसतं. बाहेर पडताना आणि परत येताना काही अटी असतात, त्या कॉलेजकडून लेखी घ्या. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांत पुरी करायची मुभा फार आधीपासून आहे. आणि एटीकेटी लागली तर लागू द्या. मुलाला गोवर आला त्या आठवड्यातला पेपर राहिला, याची लाज धरायचं कारण नाही.

खरी दमछाक कागदांनी होते. दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं. महाराष्ट्रात लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, त्यामुळे कागदावर ती दुसरीच व्यक्ती होते. विवाह नोंदणीचा दाखला हवाच; पुष्कळ ठिकाणी नावबदलाचं राजपत्रही मागतात, आणि त्याला वेळ लागतो. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

जातीचा दाखला सहसा वडिलांकडून येतो, हे बहुतेकींना माहीत असतं. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठीही विवाहित स्त्रीच्या आईवडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही, हे मात्र पुष्कळ जणींना ठाऊक नसतं आणि नवऱ्याचा पगार बघून त्या स्वतःच अर्ज मागे घेतात. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचं उलट आहे, तिथे नवरा आणि अज्ञान मुलं कुटुंबात धरतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अर्ज करण्याआधी त्याच्या अटी कॉलेजात विचारा.

शिकताना दिवस राहिले तर? विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी सगळ्या विद्यापीठांना कळवलं आहे की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेसाठी नियम करावेत, हजेरीत आणि परीक्षेचे अर्ज भरण्याच्या मुदतीत सवलत द्यावी. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे आणि प्रबंधासाठी दोन वर्षं जास्तीची. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला रजा नाकारणारा विद्यापीठाचा निर्णय रद्द केला. शिकायचं की आई व्हायचं यातलं एकच निवडायला बाईला भाग पाडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी जानेवारीत केरळ सरकारने आपल्या विद्यापीठांतल्या अठरा वर्षांवरच्या विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा दिली. आपल्याकडे कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ७५ टक्के हजेरीचा नियम ठळक छापलेला असतो. आयोगाचं हे पत्रही तिथे छापलेलं असायला हवं. नसेल तर त्याची प्रत काढून, अर्जाला जोडून, आवक क्रमांक घेऊन द्या. तोंडी विनंती कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाळणाघराचा प्रश्न मात्र एकटीने सुटणारा नाही. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कायद्याने पाळणाघर द्यावं लागतं. विद्यार्थिनी या मोजणीत येत नाही, कारण ती कर्मचारी नव्हे. हजारो विद्यार्थी असलेल्या आवारात तिच्या बाळासाठी खोली असावी, असा नियम त्या कायद्यात नाही. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलाला थोडेच तास सांभाळते. कॉलेजच्या आवारात एक स्वच्छ खोली, दोन प्रशिक्षित बायका, पाण्याची आणि दूध गरम करायची सोय एवढ्याने कितीतरी जणींची दोन वर्षं वाचतील. ज्या कॉलेजात कर्मचाऱ्यांसाठी पाळणाघर आहे, त्यांनी त्याचं दार विद्यार्थिनींना उघडायला कुणाची परवानगी लागते असं मला वाटत नाही.

मुलांवर परिणाम होतो का, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. होतो. माझ्या परीक्षेच्या दिवसांत धाकटी चिडचिडी व्हायची, थोरल्याच्या वहीत शेरे यायचे. आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं आपापली पुस्तकं घेऊन बसायचो, हेही खरं. मी दोन्ही सांगते, कारण यातलं एकच सांगितलेलं ऐकून मैत्रिणी एकतर घाबरतात किंवा पुढे पस्तावतात.

या वर्षी ज्यांच्या मनात आहे त्यांनी प्रवेश सुरू व्हायची वाट न पाहता ट्रंकेतला दाखला काढावा, विवाह नोंदणी झाली नसेल तर करून घ्यावी, राजपत्राचा अर्ज आजच भरावा. आणि प्राचार्य, कुलसचिव यांच्यापैकी हा लेख कुणी वाचत असेल, तर एक विनंती आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावरून ‘पालकाची सही’ हा रकाना काढून टाका आणि त्या जागी ‘तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं किती’ हे विचारा. पुढच्या वर्षीचे अर्ज छापायला जाण्याआधी हे करता येईल.