शैक्षणिक कर्ज आणि नादारीचा कायदा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एखाद्या कारागिराचा मुलगा बँकेचे कर्ज काढून अभियंता होतो. परंतु नोकरी लांबते आणि हप्ते थकतात. ‘न्यायालयात नादारी जाहीर केली की कर्ज फिटले’, असा सल्ला अशा कुटुंबाला हमखास मिळतो. हा समज कितपत खरा, हे शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

दोन कायदे

संसदेने २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. तिच्या कलम ७९ मध्ये जी ‘वर्जित ऋणे’ सांगितली आहेत, त्यांत न्यायालयाने केलेला दंड व पोटगी यांच्या जोडीने शैक्षणिक कर्जाचाही समावेश आहे. अन्य ऋणांतून सुटका झाली, तरी हे ऋण कायम राहते. पदवी जप्त करता येत नाही. तेव्हा शिक्षण संपताच कोणी दिवाळे काढू नये, हा अशा तरतुदींमागील विचार होय. अमेरिकेने १९७६ साली असेच निर्बंध प्रथम घातले.

तथापि संहितेचा व्यक्तींसंबंधीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, अंमलात आला. इतर व्यक्तींसाठी मुंबई शहराबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू असून कोल्हापुरातील अर्ज जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतो. या जुन्या कायद्याच्या कलम ४४ मधील अपवादांत शासकीय येणे, फसवणुकीने केलेले कर्ज व पोटगी आहेत. शैक्षणिक कर्जाचा उल्लेख नाही.

सुटका सोपी नाही

म्हणून मार्ग मोकळा आहे, असे मात्र नव्हे. नादार ठरताच जप्तीस पात्र असलेली मालमत्ता न्यायालयाच्या किंवा प्रापकाच्या ताब्यात जाते. मालमत्तेतून विनातारण देण्यांच्या रुपयामागे ५० पैसेही निघत नसतील, तर ही स्थिती आपल्या दोषामुळे आलेली नाही, हे ऋणकोला पटवून द्यावे लागते. एरवी संपूर्ण मुक्ती नाकारली जाते. मुक्ती मिळेपर्यंत नादार व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य होऊ शकत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहकर्जदाराची. शैक्षणिक कर्जावर बहुधा आईवडिलांचीही सही असते. मुलगा मुक्त झाला, तरी त्याच्यासह बांधील असलेली व्यक्ती मुक्त होत नाही. म्हणजे बोजा मुलाच्या खांद्यावरून उतरून वडिलांच्या घरावर येतो. शासनाची ७५ टक्के हमी असलेल्या योजनांतही ती हमी बँकेसाठी असते. कर्जदाराचे देणे तिने संपत नाही.

व्यवहार्य मार्ग

हप्ते थकण्यापूर्वीच बँकेकडे लेखी अर्ज करावा. बँकांच्या आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळात परतफेड लांबणीवर टाकण्याची तरतूद आहे. थकबाकीबाबत लोकअदालतीत तडजोड होऊ शकते आणि तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. वसुलीच्या भीतीने खचण्याचेही कारण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कारागिराची अवजारे जप्त होत नाहीत. तसेच केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता न आलेल्यास तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले आहे.

कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी या बाबी पालकांना समजावून सांगणे, हे गावातील शिक्षकाला व पंचायत सदस्याला सहज करता येण्याजोगे कार्य आहे.