शुक्रवारची तिसरी पाळी : एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात 'टूल' म्हटलं की डोळ्यांसमोर ड्रिल येतं, इन्सर्ट येतो, नाहीतर टूलरूम. आज ज्या टूलबद्दल बोलायचं आहे ते सॉफ्टवेअरमधलं फंक्शन आहे. उत्पादन किती, रिजेक्शन किती, मशीन किती वेळ बंद होतं, हे काढणारी फंक्शनं आपण एआय एजंटच्या हाती देतो. माणूस साध्या भाषेत विचारतो. एजंट योग्य फंक्शन निवडतो, तारखा भरून ते चालवतो आणि उत्तर सांगतो.

आता निवडतो कशावरून? फंक्शनच्या आतला कोड एरवी त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर असतं फंक्शनचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा तक्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख मुख्यतः यावरच होते.

आमचाच अनुभव सांगतो. एका मशीन शॉपसाठी आम्ही असं फंक्शन दिलं होतं. वर्णन एका ओळीचं : 'दिलेल्या तारखेचं पाळीनिहाय उत्पादन देतं.' वाचायला काय वाईट आहे? आम्हालाही छानच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात एजंटने अहवाल दिला : शुक्रवारी तिसऱ्या पाळीचं उत्पादन शून्य. सुपरवायझरला खुलासा मागितला गेला. तो बिचारा म्हणाला, आम्ही रात्रभर उभे होतो, माल तर डिस्पॅचला गेलाय.

तो बरोबर होता. तिथे पहिली पाळी सकाळी ७ ला, दुसरी दुपारी साडेतीनला आणि तिसरी रात्री १२ ला सुरू होते. कारखान्याचा दिवस सकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७. म्हणजे शुक्रवारची तिसरी पाळी कॅलेंडरवर शनिवारच्या पहाटे येते. आमचं फंक्शन मात्र कॅलेंडरची तारीख धरत होतं. त्याने शुक्रवारी रात्री १२ ते सकाळी ७ हा वेळ पाहिला. ती होती गुरुवारची तिसरी पाळी, आणि गुरुवारी साप्ताहिक सुट्टी! शून्यच येणार. बाकीच्या दिवशी चूक लपून राहायची. एका पाळीचा आकडा दुसरीच्या नावावर जायचा, पण आकडा दिसायचा म्हणून कुणी विचारत नव्हतं.

नव्या ट्रेनीला हे कुणी शिकवत नाही. गुरुवारी सुट्टी असते, तिसरी पाळी आदल्या दिवसात धरायची, हे त्याला चहाच्या टपरीवरच कळतं. एजंट टपरीवर जात नाही. शंका आली तर तो विचारेल, पण 'तारीख' या शब्दात शंका येण्यासारखं त्याला काही दिसलंच नाही.

मग आम्ही आधी फंक्शन दुरुस्त केलं, कारण जे कोडमध्ये नीट होतं त्यासाठी वर्णनात इशारे लिहीत बसू नये. तक्त्यातल्या 'तारीख'चं नाव 'उत्पादन-दिवस' केलं. वर्णन असं झालं : 'एका उत्पादन-दिवसाचे तयार झालेले नग पाळीनिहाय देतं. उत्पादन-दिवस सकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७. गुरुवार सुट्टी, त्या दिवशी "सुट्टी" असं उत्तर येतं, शून्य नाही. नोंद आली नसेल तर "नोंद नाही" येतं. रीवर्क केलेले नग यात धरलेले नाहीत. मशीन का थांबलं हे हवं असेल तर "थांबा-कारणं" वापरा.'

शेवटचं वाक्य विसरू नका. टूल कधी वापरायचं हे सगळे लिहितात, कधी वापरायचं नाही हे राहून जातं. रिजेक्शनचंच बघा. लाइनवरचं रिजेक्शन आपण टक्क्यात बोलतो. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख नगांमागे किती. समजा ५,००० नग पाठवले आणि २ परत आले, तर ४०० पीपीएम. लाइनवरचं २ टक्के त्याच मापात २०,००० होतं. दोन्ही फंक्शनांचं वर्णन 'रिजेक्शन देतं' एवढंच असेल, तर एजंट घरातला आकडा ग्राहकाच्या अहवालात घालेल, आणि पुढचं निस्तरायला क्वालिटीचा माणूस जाईल.

ओईईचंही तेच. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५, गुणवत्ता ९९ धरली की गुणाकार साधारण ८४.६ येतो. पण जेवणाची सुट्टी नियोजित वेळेतून वजा केली का? उत्तर ०.८४६ असं येतं की ८४.६? हे वर्णनात हवं.

म्हणून सगळंच लिहायचं का? नाही. टूल जोडलेली असली की त्यांची वर्णनं सहसा प्रत्येक प्रश्नाबरोबर मॉडेलपुढे जातात. फाफटपसारा वाढला की कामाचं वाक्य त्यात बुडतं. आम्ही शॉप फ्लोअरवरचे वीसेक खरे प्रश्न लिहून ठेवले आहेत. वर्णन बदललं की ते पुन्हा विचारतो आणि एजंटने कोणतं टूल उचललं, काय भरलं, तेवढंच तपासतो. एखादं वाक्य काढून काहीच बिघडलं नाही, तर ते काढूनच टाकतो.

वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत, असं मघाशी कुणीतरी विचारलं. आजची मोठी मॉडेलं दोन्ही वाचतात. अडचण शब्दांची येते. डेटाबेसमध्ये 'नग' असतो, ऑपरेटर 'जॉब' म्हणतो, डिस्पॅचवाला 'पीस'. हे तिन्ही एकच, असं एका ओळीत लिहून ठेवा. आणि पाळीची वेळ बदलली की ती ओळ कोण बदलणार, त्या माणसाचं नावही आजच ठरवा. आमच्याकडे ते प्लॅनिंगकडे दिलंय, आयटीकडे नाही.