डॉलरला रंग नसतो : घरविक्रीतील वर्णभेद आणि १८६६ चा कायदा

माल माझा, दुकान माझे, कुणाला विकायचे ते मी ठरवीन, असे बाजारात नेहमी म्हटले जाते. उधारी बुडविणाऱ्याला दारातून परत पाठविणे हा व्यापाऱ्याचा हक्कच आहे. पण गिऱ्हाईक रोख पैसे मोजतो आहे आणि त्याची कातडी काळी आहे एवढ्यावरून सौदा मोडला तर? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १७ जून १९६८ रोजी याचा निकाल दिला.

मिसुरी राज्यात सेंट लुईसलगत पॅडॉक वूड्स ही वसाहत बांधली जात होती. जोसेफ ली जोन्स यांनी १९६५ साली तेथे घर मागितले. आपण कृष्णवर्णीय आहोत म्हणूनच आल्फ्रेड मेयर कंपनीने नकार दिला, अशी त्यांची फिर्याद होती. खालच्या दोन्ही कोर्टांनी ती फेटाळली. कायदा सरकारला बांधतो, खाजगी विक्रेत्याला नाही, असे त्यांचे म्हणणे.

जोन्स यांचा आधार होता १८६६ चा कायदा. गुलामगिरी संपल्यावर, अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने तो केला होता. मालमत्ता घेण्याचा, विकण्याचा, भाड्याने घेण्याचा जो हक्क गोऱ्यांना, तोच सर्व नागरिकांना, इतका तो सरळ. तरी शंभर वर्षे तो जवळपास कपाटातच राहिला. याच सेंट लुईसमधील एका घरावरून १९४८ साली सुप्रीम कोर्टाने ठरविले होते की, काळ्यांना घर न विकण्याचे करार कोर्ट अमलात आणणार नाही. पण मालकाने आपखुशीने नकार दिला तर काय, हे तसेच राहिले. दरम्यान काळ्या वस्त्यांना गृहकर्जाचा सरकारी विमाही मिळत नसे. ज्याच्याकडे घर नाही त्याच्याकडे तारण नाही, आणि तारणाशिवाय धंद्याला भांडवल कोण देणार?

सात विरुद्ध दोन मतांनी जोन्स जिंकले. न्या. पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिले की रंगामुळे मालमत्ता घेता न येणे हा गुलामगिरीचाच अवशेष आहे. काळ्या माणसाच्या हातातील डॉलरने तेच विकत मिळाले पाहिजे जे गोऱ्याच्या डॉलरने मिळते. व्यापाऱ्याला पटावा असा याहून सोपा युक्तिवाद नाही.

त्याआधी दोनच महिने, ११ एप्रिल १९६८ ला, घरविक्रीतील भेदभावाविरुद्ध नवा कायदा झाला होता. मग जुन्याची गरज काय? नव्यात पळवाटा होत्या. चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर त्याला बरीच सूट, आणि दंडात्मक भरपाईला १९८८ पर्यंत एक हजार डॉलरची मर्यादा. जुन्यात सूटही नाही, मर्यादाही नाही. मात्र तो वंशापुरता आहे, धर्मभेद त्यात येत नाही.

त्याच कायद्यातील करार करण्याच्या हक्काचे कलम १९७६ साली खाजगी शाळांना लागू झाले. इराकमध्ये जन्मलेल्या एका मुस्लिम प्राध्यापकाच्या दाव्यात १९८७ साली कोर्टाने अरबांनाही वंश म्हणून त्याचे संरक्षण दिले. २०२० पासून मात्र वंशभेद नसता तर सौदा झालाच असता, हे वादीला सिद्ध करावे लागते. हे सोपे नाही.

आपल्याकडील चित्र वेगळे आहे. अस्पृश्यतेवरून कुणाला वस्तीत घर घेऊ न देणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण सभासदत्व पारशांपुरते ठेवणाऱ्या अहमदाबादच्या गृहसंस्थेचा नियम सुप्रीम कोर्टाने २००५ साली वैध ठरविला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय पात्र अर्जदाराला सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. म्हणून अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. पण ही पायरी फ्लॅटचा व्यवहार झाल्यानंतरची. नाव ऐकून दलालाने फोन ठेवला, तर पोच कशाची घेणार?