विंडोज, मॅक की लिनक्स? घरच्या संगणकाचा कारभारी निवडताना

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात, "मुलीला लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणत्या कंपनीचा घ्यावा?" १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला दुसऱ्या एका प्रश्नाची जोड मिळाली आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. "घरातला जुना संगणक चांगला चालतो, पण तो आता बाद झाला म्हणतात. खरे आहे का?" दोन्ही प्रश्न घरखर्चाचे आहेत. पहिल्यात बरीच रक्कम खिशातून जाते, दुसऱ्यात चालती वस्तू भंगारात जाऊ शकते. म्हणून जाहिरातींना न भुलता या विषयाचा थोडा मुळापासून विचार करू.

यंत्र वेगळे, कारभारी वेगळा

संगणकावर डेल, एचपी, लेनोवो, एसर अशी नावे असतात. ती यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची. त्या यंत्राचा कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कळफलकावरचे अक्षर पडद्यावर आणणे, फाइल जागच्या जागी ठेवणे, प्रिंटरला निरोप देणे, बाहेरच्याला घरात शिरू न देणे, ही सगळी तिची कामे. हा कारभारी कसा वागेल हे त्याला पगार कोठून मिळतो यावर बरेचसे ठरते. विंडोज, मॅक, क्रोम आणि लिनक्स यांच्यातला खरा फरक येथेच आहे.

मायक्रोसॉफ्ट : प्रत्येक यंत्रामागे मोबदला

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू केली. १९८१ मध्ये आयबीएमने आपला घरगुती-कार्यालयीन संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याची ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टने पुरवली. ती तिने सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतली होती. पण करार करताना मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट आपल्या हातात राखली. हीच व्यवस्था इतर कंपन्यांनाही विकण्याचा हक्क तिने सोडला नाही. पुढे आयबीएमसारखे संगणक बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या बहुतेक प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला मोबदला मिळू लागला. १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली आणि १९९५ च्या विंडोज ९५ ने ती घराघरांत पोहोचवली.

याचा आपल्याला फायदा झाला. यंत्र कोणाचेही असले तरी विंडोज चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकावरही ती चालते. दुरुस्ती करणारा कोठेही सापडतो. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेल्या पिढीचा हातही तिच्यावरच बसलेला आहे. टॅलीसारखी व्यापाराची कामे तिच्यासाठीच तयार झाली आहेत.

तोटाही याच पद्धतीतून येतो. हजारो प्रकारच्या यंत्रांना सांभाळायचे म्हणजे कुठे ना कुठे कुरबूर होणारच. आणि सर्वांत जास्त वापर असल्याने चोरांचे लक्षही तिच्यावरच जास्त.

ॲपल : यंत्रही आमचे, व्यवस्थाही आमची

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या ॲपलने उलट मार्ग धरला. १९८४ मध्ये तिचा मॅकिन्टॉश आला. चित्रे, खिडक्या आणि माऊस यांच्या साह्याने काम करण्याची पद्धत त्याने सामान्य ग्राहकापुढे ठेवली. ही कल्पना मुळात ॲपलचीही नव्हती. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ती आधी आकाराला आली होती आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी १९७९ मध्ये ती तेथे पाहिली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने आपले रूप उचलले म्हणून ॲपलने १९८८ मध्ये दावा लावला. तो अखेर मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लागला.

ॲपलची कमाई मुख्यतः यंत्राच्या विक्रीतून होते. त्यामुळे मॅकची व्यवस्था ती दुसऱ्या कोणाच्या यंत्रासाठी विकत नाही. २०२० पासून तर मॅकचा मुख्य प्रोसेसरही तिच्या स्वतःच्या रचनेचा आहे. यंत्र आणि व्यवस्था एकाच हातची असल्याने दोघांचे सूर जुळतात, बॅटरी दीर्घकाळ पुरते आणि काम सहसा अडत नाही. पण किंमत भारी. आजच्या मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणजे विकत घेतानाच पुढच्या पाच-सात वर्षांचा हिशेब करावा लागतो. दुरुस्तीही गल्लीच्या कोपऱ्यावर होत नाही. चित्रफीत, संगीत किंवा मांडणीचे काम पोटापाण्यासाठी करणाऱ्याला हा खर्च परवडतो. अकरावीतल्या मुलाला केवळ मित्राकडे आहे म्हणून मॅक घेऊन देणे हा हौसेचा खर्च झाला.

गूगल : वस्तू स्वस्त, खाते आवश्यक

गूगलची मोठी कमाई जाहिरातींची. लोक जितके इंटरनेटवर असतील तितके तिचे भले. त्यामुळे २०११ मध्ये बाजारात आलेली क्रोमबुके जवळजवळ सर्व काम इंटरनेटवर आणि गूगलच्या खात्यातून करतात. ती साधी, चटकन सुरू होणारी आणि तुलनेने स्वस्त असतात. अभ्यास, लेखन, व्हिडिओ यांना पुरेशी आहेत. मात्र इंटरनेट रखडले की कामही रखडते आणि टॅलीसारखे काम त्यावर थेट होत नाही.

लिनक्स : मालक कोणीच नाही

१९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एका व्यवस्थेचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवली होती. या दोन्हींच्या मेळातून आजचे लिनक्स उभे राहिले. ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि वाटावे. अट एवढीच की बदललेले पुढे वाटायचे असेल तर तेही तितकेच खुले ठेवायचे. उबंटू, लिनक्स मिंट ही त्याची घरगुती वापराची रूपे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांची सोय करून 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे.

मोफत म्हणजे हलके, असे समजू नये. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. आपल्या हातातला अँड्रॉइड फोनही आतून लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. शाळांचा परवान्यांचा खर्च वाचला आणि मल्याळममध्ये काम करण्याची सोयही झाली.

अडचणी सांगितल्याच पाहिजेत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. काही प्रिंटर रुसतात. अडल्यास मदत करणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही.

कंपन्यांचे वैर आणि आपली भांडणे

मुले 'विंडोज भारी की मॅक भारी' म्हणून हिरिरीने वाद घालतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. १९९७ मध्ये ॲपल डबघाईला आली असताना तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टच होती. आणि २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ज्या लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली, त्याच लिनक्सच्या संस्थेची मायक्रोसॉफ्ट २०१६ मध्ये सदस्य झाली. कंपन्या आपले हित पाहून वैर धरतात आणि सोडतात. आपणही आपले हित पाहावे.

स्पर्धा असणे मात्र ग्राहकाच्या फायद्याचे असते. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. विंडोजच्या जोरावर तिने नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरला बाजारातून हुसकावल्याचा आरोप होता. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा २००० सालचा हुकूम वरच्या न्यायालयात टिकला नाही, पण तिच्या एकाधिकाराच्या गैरवापरावर तेथेही बोट ठेवले गेले.

उर्दू आणि मराठीची कसोटी

आमच्या वाचकांच्या घरांत एकाच टेबलावर मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिल्या जातात. मग तुलना त्याही कसोटीवर व्हायला हवी.

उर्दूची नस्तालिक लिपी संगणकाला अवघड जाते. तिच्यात शब्द सरळ रेषेत बसत नाही, वरून खाली उतरत येतो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप बदलते. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने रेखाटून नूरी नस्तालिक संगणकीय छपाईत आणली. १९९० च्या दशकात भारतीय कंपनीच्या इनपेजने कातिबांचे काम घराघरांतल्या विंडोजवर आणले. पण ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची नस्तालिक यायला बराच उशीर झाला. विंडोजमध्ये ती २०१२ च्या विंडोज ८ बरोबर आली आणि आयफोनवर २०१७ मध्ये. तोपर्यंत पडद्यावरची उर्दू अरबीसारख्या नस्ख वळणात वाचावी लागे. आज गूगलचा नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मोफत आहे आणि लिनक्सवरही बसवता येतो.

मराठीचा प्रवास त्यामानाने सोपा झाला. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी आली. त्याआधीच्या फॉन्टांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अगम्य चिन्हे दिसत. जुन्या इनपेजच्या फाइलींचीही तीच गत होते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, घरातले हिशेब, दादा-नानांच्या आठवणी, मुलांचे निबंध जे काही लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. यंत्र पाच-सात वर्षांत बदलेल, कंपनीही बदलेल. लिहिलेले पुढच्या पिढीला उघडता आले पाहिजे.

जुन्या संगणकाचे काय करावे?

विंडोज १० चा संगणक अचानक बंद पडत नाही. मात्र नव्या फटी बुजवायला कोणी येत नाही. याचा धोका किती, हे मे २०१७ मध्ये दिसले. वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना कुलूप लावून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवावे लागले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. तेव्हा जुन्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करण्याआधी पुढचे पर्याय पाहावेत.

पहिला, यंत्र विंडोज ११ ला चालते का ते तपासावे. त्यासाठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. चालत असेल तर बदल मोफत होतो.

दुसरा, मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. हा विचार करायला मिळालेला अवधी समजावा.

तिसरा, लिनक्स मिंट. ते पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न बदलता चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर ठीक चालले तरच बसवावे. त्याआधी सर्व फोटो आणि कागदपत्रे बाहेर उतरवून घ्यावीत. लेखन आणि हिशेबासाठी लिब्रे ऑफिस त्यात येते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर यंत्राचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

एक पर्याय आम्ही सुचवणार नाही. दुकानदार 'फुकटात टाकून देतो' म्हणतो ती परवाना नसलेली विंडोज. तिच्याबरोबर कोणता घातक प्रोग्राम घरात येतो ते कळत नाही. शिवाय दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवून मिळवलेली वस्तू ती. ताटातल्या घासाबद्दल आपण जेवढे जागरूक असतो, तेवढेच येथेही असावे. पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स राजरोसपणे मोफत आहे.

नवा संगणक घेताना कागदावर तीन ओळी लिहा : मुलगी यावर नेमके काय करणार, तिच्या अभ्यासक्रमाला कोणते सॉफ्टवेअर लागते, आणि बिघडल्यास आपल्या गावात दुरुस्त कोण करणार. कॉमर्सला जाणाऱ्या मुलीसाठी उत्तर बहुधा विंडोज येईल, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलाला विंडोजबरोबर लिनक्सही यायला हवे. हा कागद खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढा.