नव्या शौचकूपातील दुर्गंधी

आजचा विषय उच्चारताच पुष्कळांचा पदर नाकाला लागेल. परंतु ज्या गोष्टीकडे आपण पाठ फिरवितो, तिच्याविषयीच्या अज्ञानाचे मोल घरातील लहानथोरांसच द्यावे लागते. हल्ली हिंगोली, वसमत, कळमनुरी या बाजूच्या अनेक घरांतून जुने बैठे भांडे काढून त्या जागी कमोड बसवितात. गुडघे धरलेल्या वृद्धांस ती मोठीच सोय होय. मात्र कित्येकदा असे होते की, भांडे नवे, फरशी नवी, आणि पंधरा दिवसांत घरभर घाण वास! मग फिनेलच्या बाटल्या रित्या होतात, उदबत्त्या जळतात, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खर्च केला ते आजोबा काठी टेकीत पुन्हा रानाची वाट धरतात. तेव्हा हा वास येतो कोठून, आणि तो घालवावा कसा, याचा आज विचार करू.

मैला कुजताना टाकीत अनेक वायू निर्माण होतात. त्यांपैकी सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हे वायू नळातून घरात शिरू नयेत म्हणून एक अगदी साधी युक्ती योजिलेली असते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. त्याने नळाला वाकण दिले, आणि त्या वाकणात सदैव थोडे पाणी तुंबून राहील अशी योजना केली. मैला पुढे जातो, परंतु वायूला पाण्यातून मागे येता येत नाही. यालाच आपले गवंडी ट्रॅप म्हणतात. कमोडमध्ये हे पाणी साधारणतः 50 मिलिमीटर खोल असते. खेड्यांतील शोषखड्ड्याच्या संडासात ते अवघे 20 मिलिमीटर असते, म्हणूनच तेथे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. सारांश, घर आणि गटार यांच्यामध्ये पाण्याची एवढीच काय ती भिंत! ती मोडली किंवा तिला वळसा घालून वायूला वाट मिळाली, तरच वास येतो.

भांडे बदलताना अशी वाट बहुधा चार ठिकाणी होते.

पहिली वाट सांध्याची. नवे कमोड पी.व्ही.सी. नळावर ठेवून भोवती नुसता सिमेंट थापला, तर तो गुळगुळीत नळास नीट धरत नाही. त्यातून भांडे डुलत असेल तर केसाएवढी भेग पडते, आणि तेवढी वायूस पुरते. उपाय असा : भांडे उचलावे, नळाच्या तोंडाशी योग्य मापाचा रबरी जोड बसवावा, भांडे स्क्रूने पक्के करावे, आणि मगच कडेने पांढरा सिमेंट भरावा. तो वाळेपर्यंत एक दिवस भांडे वापरू नये.

दुसरी वाट न्हाणीच्या जाळीची. वास कमोडचा समजून आपण त्यालाच दोष देतो, आणि शेजारची जाळी निर्दोष ठरते! तिच्याखालीही ट्रॅप असतो. कारागीर लोक त्याला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. आपल्याकडील उन्हाळ्यात वापर नसलेल्या न्हाणीतील हे पाणी आटून जाते. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतले की काम झाले.

तिसरी वाट हवेच्या ओढीची. सेप्टिक टाकीला वायुनलिका नसली किंवा ती बुजली असली, तर बादलीभर पाणी जोराने ओतताच नळात ओढ निर्माण होऊन ट्रॅपमधील पाणीही तिच्याबरोबर खेचले जाते. त्या वेळी गुडगुड असा आवाज येतो. ही नलिका घराच्या छपराहून उंच न्यावी व तिच्या तोंडास डासांची जाळी बांधावी. शोषखड्ड्याच्या संडासास मात्र नलिकेची गरज नसते. तेथे वायू मातीतच जिरतात.

चौथी वाट आपल्या काळ्या जमिनीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेला नळ या हालचालीने सांध्यात निखळतो. असा नळ वाळूच्या थरावर बसवावा.

आता परीक्षा कशी करावी? रात्री जाळीवर ओले फडके दाबून ठेवावे. सकाळी वास नसेल तर चोर तेथेच सापडला. भांड्यातील पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करून काही तासांनी पाहावे. वापर नसता पाणी उतरले असेल, तर ट्रॅप फुटका आहे किंवा पाणी खेचले जात आहे. भांड्यात रंगीत पाणी टाकून फरशीच्या कडेस रंग झिरपतो का, तेही पाहावे. फिनेल व तेजाब भरमसाट ओतणे हा उपाय नव्हे. टाकीत मैला पचविणारे सूक्ष्म जीव त्याने मरतात, आणि रोग आहे तेथेच राहतो.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावयाचा आहे. वासाचे मूळ शोधण्याकरिता टाकीचे झाकण काढून कोणीही आत वाकू नये, काडी ओढू नये, व कोणास आत उतरवू नये. टाकीतील मिथेन पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि वास गेला असे वाटते न वाटते तोच माणूस कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेच राहतो. अशा रीतीने कित्येक गरिबांचे प्राण गेले आहेत. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. टाकी भरली असेल तर उपसा यंत्राच्या गाडीनेच करवावा.

श्रोतेहो, सुगंधाने दुर्गंध झाकता येतो, पण घालविता येत नाही. तेव्हा अत्तराला पैसे घालण्यापूर्वी वायूची वाट शोधा आणि ती बुजवा. घरच्या वृद्धांस रानात जावे लागू नये, आणि कोणा मजुरास टाकीत उतरावे लागू नये, एवढे साधले तरी नव्या भांड्याचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.