पडणाऱ्याचा तोल

निखारे खरे होते. पोलादाच्या कारखान्यातल्या मारामारीत नायक लाथ खाऊन मागे कोसळतो, तो थेट धगधगत्या कोळशांवर, आणि पाठीवरून हातापायांनी उलटा सरपटत बाहेर येतो. पडद्यावर हे जेमतेम काही सेकंद दिसतं. जॅकी चॅननं मात्र ते दोनदा केलं. पहिल्या खेपेला भाजला, धडपडत बाहेर आला, आणि म्हणाला की लय जमली नाही, पुन्हा घेऊ. चटका बसलेला माणूस लयीबद्दल तक्रार करतो, यातच या सिनेमाचं सगळं गुपित आहे.

सिनेमा ‘ड्रंकन मास्टर टू’. फेब्रुवारी १९९४मध्ये, चिनी नववर्षाच्या हंगामात तो हाँगकाँगला लागला. त्याचा पहिला भाग १९७८चा, म्हणजे मध्ये तब्बल सोळा वर्षं गेलेली. पहिल्या भागात वांड पोरगा शोभणारा चॅन आता चाळिशीला टेकला होता, पण कथेतला नायक अजून बापाचा मार खाणाऱ्या वयातच. त्याच्या वडिलांचं काम करणारा ति लुंग चॅनहून फक्त आठ वर्षांनी मोठा, आणि सावत्र आईचं काम करणारी अनिता मुई तर चक्क नऊ वर्षांनी लहान! आणखी गंमत म्हणजे नावात ‘मास्टर’ असूनही ते वस्ताद या भागात नाहीतच. पहिल्या भागात पोराला वळण लावणारा, लाल नाकाचा म्हातारा बेवडा गुरू रंगवणारे युएन सिउ-तिन १९७९च्या सुरुवातीलाच वारले होते. सुदैवानं मूळ चिनी नावात कुणी मास्टर नाही. तिथं फक्त विद्येचं नाव आहे आणि पुढे दोनचा आकडा. ‘झुइ छुआन’, म्हणजे झिंगलेली मूठ. गुरू गेला, विद्या मागे राहिली.

ही विद्या आहे तरी काय?

पहिला धक्का असा की तिच्यात दारू लागत नाही. प्यायलेल्या माणसाची लढाई कुणी शिकवत नाही; शिकवतात ते प्यायलेल्याचं सोंग. अंगठा आणि तर्जनी अशी वाकवायची की मध्ये मद्याचा छोटा पेला धरल्यासारखं वाटावं. बघणाऱ्याला वाटतं, गडी हवेतला पेला तोंडाला लावतोय. प्रत्यक्षात तोच हात पुढच्या क्षणी समोरच्याच्या मनगटाला किंवा गळ्याला चिमट्यासारखा बसतो. कोपर लुळं, मान सैल, पाय एकमेकांत अडकल्यासारखे; आणि कमरेपासून पोटापर्यंतचा भाग मात्र तारेसारखा ताणलेला. वरचं सगळं झुलतं ते आतला हा खुंटा हलत नाही म्हणून.

याच्यामागचं गणित एसटीत उभ्यानं प्रवास केलेल्या कुणालाही कळेल. आपल्या शरीराचा भार दोन पावलांच्या मधल्या जागेवर असतो तोवर आपण उभे. भार त्या जागेबाहेर गेला की पडलोच. बहुतेक लढवय्ये म्हणूनच पाय रोवून, भार आत ठेवून लढतात. झिंगलेली मूठ उलटं करते. ती भार मुद्दाम बाहेर जाऊ देते, शरीर कोसळायला लागतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी एक पाऊल पुढे टाकून तो भार पुन्हा झेलते. मधल्या क्षणात दोन गोष्टी घडतात. पडणाऱ्या अंगाचं वजन फुकटात ठोशाच्या मागे येतं. आणि समोरच्याचा अंदाज चुकतो, कारण वार कुठून येणार हे माणूस प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवरून आणि पायांवरून ओळखतो, आणि इथे खांदे-पाय दोघंही धादांत खोटं बोलत असतात.

या विद्येची एक शाखा चिनी पुराणकथांतल्या आठ अमर सिद्धांची नावं घेते. कुणी लंगडा, कुणी बासरीवाला, आणि एक बाई. प्रत्येकाची झोकांडी वेगळी. पहिल्या भागात पोरगा सात सिद्ध मनापासून शिकतो आणि बाईच्या हालचाली काय करायच्या म्हणून आठवा धडा टाळतो. शेवटच्या लढाईत नेमका तोच धडा लागतो. मग तो जागच्या जागी स्वतःची बाई रचतो, मुरकत, लाजत, आणि शत्रूला लोळवतो.

झिंगणाऱ्या देहाची ही जाण चॅनला फक्त आखाड्यातून आली असेल असं वाटत नाही. लहानपणी हाँगकाँगच्या एका कडक नाट्यशाळेत तो पेकिंग ऑपेरा शिकला. कोलांट्या, गाणं, मारामारी आणि चुकलं की छडी, अशी जवळजवळ दहा वर्षं. पेकिंग ऑपेरात राजाची वाट पाहून पाहून एकटीच पिणाऱ्या राणीचा एक विख्यात प्रवेश आहे. मेइ लानफांग या थोर नटानं तो अजरामर केला. त्यात राणी दातात पेला धरून कमरेतून मागे वाकते, वाकतच जाते. पडेल पडेल असं वाटतं आणि ती पडत नाही. चॅनची झोकांडी बघताना मला पैलवान दिसत नाही, ही राणी दिसते.

आता ज्याच्यावर हे सोंग चढवलं तो नायक बघा. वाँग फे-हुंग हा खराखुरा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फोशान परिसरात जन्मलेला, हुंग घराण्याचा वस्ताद आणि हाडवैद्य. १९४९पासून क्वान ताक-हिंग या नटानं सत्तरहून जास्त सिनेमांत त्याची भूमिका केली. धीरगंभीर, नीतिमान, शब्द मोजून बोलणारा सद्गुरू. हाँगकाँगच्या दोन पिढ्या त्याच्यासमोर अदबीनं बसल्या. अशा माणसाला तरुणपणी टवाळ आणि तळीराम दाखवणं हा १९७८चा वात्रटपणा होता, आणि लोक त्यावर फिदा झाले. संतांच्या बाळपणीच्या खोड्या ऐकताना आपल्याला येतो तसलाच तो आनंद.

आणि इथेच दुसऱ्या भागाची खरी गोष्ट सुरू होते. त्याचा दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग. वाँग फे-हुंगचा शिष्य लाम साय-विंग, लामचा शिष्य लाऊ चाम, आणि लाऊ चामचा मुलगा हा. म्हणजे पडद्यावरच्या नायकापासून कॅमेऱ्यामागच्या माणसापर्यंत सरळ गुरुपरंपरा. घराण्याच्या गवयाला त्याच्याच आजेगुरूंवरचा सिनेमा करायला द्यावा तसं हे! लाऊला विद्या जशी शिकवली गेली तशी दाखवायची होती. चॅनला ती पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणेल अशी हवी होती. दोघांचं जमलं नाही, आणि सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच लाऊ बाहेर पडला. शेवटची लढाई चॅननं स्वतःच्या हातात घेतली.

म्हणून हा सिनेमा एका बैठकीत दोन घराणी ऐकवतो. सुरुवातीला जिनसेंगवरचा कर चुकवण्याच्या नादात नायकाच्या हाती चुकून राजमुद्रेची पेटी येते, आणि एक म्हातारा मांचू अधिकारी त्याच्या मागे लागतो. तो अधिकारी म्हणजे स्वतः लाऊ, साठीच्या उंबरठ्यावरचा. दोघं उभ्या आगगाडीच्या डब्याखाली लढतात. ताठ बसताही येणार नाही एवढ्याशा जागेत लाऊचा भाला असा फिरतो की जागा कमी आहे हे आपण विसरतो. एकही हालचाल वाया नाही. हे जुनं घराणं.

दुसरं घराणं शेवटी. समोर केन लो. हा खऱ्या आयुष्यात चॅनचा अंगरक्षक. ठरलेला खलनायक जखमी झाला म्हणून ही जागा त्याला मिळाली. तो एका पायावर उभा राहतो, दुसरा डोक्याच्या उंचीवर नेतो, आणि खाली न टेकवता त्याच पायानं मारतच राहतो, जणू हाताऐवजी पायच वापरायची सवय असावी. या शेवटाच्या चित्रीकरणाला जवळजवळ चार महिने लागले. बघताना ते चार महिने कुठे गेले ते कळतं. एक वार, त्याला चुकवणं, चुकवताना झालेलं पडणं, पडण्यातून निघालेला पुढचा वार. कुठे सांधा म्हणून दिसत नाही.

लोकांनी हे कसं घेतलं? हाँगकाँगमध्ये सिनेमानं चार कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर धंदा केला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या चित्रपट पुरस्कारांत मारामारीच्या आखणीचा मान त्यालाच मिळाला. रुसलेल्या लाऊनं १९९४मध्येच स्वतःचा ‘ड्रंकन मास्टर थ्री’ काढला. तो आपटला. शुद्ध विद्या एकटी पुरली नाही असा त्याचा अर्थ कुणी काढला तर मी भांडणार नाही; पण आगगाडीखालचा तो भाला काढून टाकला तर दुसरा भागही तितकाच पांगळा होईल, हेही तितकंच खरं.

अमेरिकेत तो पोचला २०००च्या ऑक्टोबरमध्ये, सहा वर्षं उशिरा. चॅन तोवर ‘रश अवर’मुळे तिथे घरोघरी माहीत झाला होता. इंग्रजी संवाद चढवले, पार्श्वसंगीत बदललं, आणि नाव ठेवलं ‘द लेजेंड ऑफ ड्रंकन मास्टर’. आकडा गायब! आपण दुसरा भाग बघतोय हे कित्येक प्रेक्षकांना ठाऊकच नव्हतं. वाँग फे-हुंग कोण, त्याला प्यायलेला दाखवण्यात पाप काय, यातलं काहीही त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. उरलं फक्त एक शरीर आणि त्याचं पडणं. तरीही सिनेमानं एक कोटी डॉलरच्या वर कमावले, रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकानं त्याच्या शेवटाची मनापासून तारीफ केली, आणि २००५मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं निवडलेल्या शंभर सिनेमांच्या यादीत तो आला. संदर्भ सगळे गळून पडले तरी तोल गेला नाही.

एक गोष्ट मात्र अमेरिकी प्रेक्षकांना दाखवलीच नाही. सिनेमाभर वडील पोराला बजावत असतात की ज्या पाण्यावर नाव तरंगते तेच पाणी तिला बुडवतं. शेवटच्या लढाईत ताकद कमी पडते तेव्हा तो कारखान्यातलं औद्योगिक अल्कोहोल ढोसतो, आणि जिंकतो. मूळ शेवटात त्या विषाची किंमत दिसते: कौतुकाच्या समारंभात नायक दृष्टी गेलेला, भान हरपलेला, वेडंवाकडं बरळणारा. आणि हे सगळं विनोद म्हणून! अमेरिकी आवृत्तीत हे शेवटचे क्षण कापले. कापणाऱ्यांना ते क्रूर वाटले असणार, आणि आहेतच. पण ज्यांच्या रंगभूमीवर १९१९पासून ‘एकच प्याला’ आहे त्या मराठी प्रेक्षकाला हा शेवट अनोळखी वाटू नये. गडकऱ्यांनीही तळीरामाच्या तोंडून हसवत हसवतच सुधाकराला बुडवलं होतं. चॅनचा सिनेमा तेच करतो, फक्त सगळा खेळ संपल्यावर, एका झटक्यात. तो झटका काढला की उरतो तो दारूच्या जोरावर जिंकलेला माणूस, आणि वडिलांचं सगळं बोलणं वाया.

तेव्हा बघायचा तर शेवट न कापलेला, मूळ कँटनीज आवाजातला बघा. आणि एक करा. कारखान्यातली लढाई दुसऱ्यांदा लावा आणि हातांकडे अजिबात पाहू नका, चॅनच्या पावलांकडे पाहा. सगळं अंग कोलमडत असताना ती जमिनीवर कुठे टेकतात तेवढंच मोजा. दारुड्याची पावलं कुठेही पडतात. ही एकदाही चुकीच्या जागी पडत नाहीत.