पोर्तुगीज हॉटेल शोधायला गेले आणि माझ्याच दुकानाची पाटी आठवली



मागच्या व्हिडिओत गोव्याच्या ट्रिपचा विषय निघाला होता, तेव्हा म्हणाले होते की यावर नीट लिहीन. तर हे घ्या. वरवर हा लेख पणजीत खरं पारंपरिक पोर्तुगीज वळणाचं जेवण कसं शोधायचं यावर आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या धंद्याचा मुद्दा शेवटी आहे.

मेहकरहून पुणे, पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स आणि सकाळी पणजी. पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. बाहेर मोठी पाटी होती, 'अस्सल पोर्तुगीज'. मेनूकार्ड एवढं जाड की आपली खतावणी बरी. पंजाबी, चायनीज, पिझ्झा आणि शेवटच्या पानावर विंदालू. मागवलं, तर त्यात बटाटे! चव आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखी. वेटरला विचारलं, "दादा, यात पोर्तुगीज काय आहे?" तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, नाव पोर्तुगीज आहे." बिल भरलं आणि गप बाहेर आलो.

बटाट्याची गंमत नंतर कळली. विंदालू हा शब्द पोर्तुगीजांच्या 'विन्या द आल्योस' वरून आला. म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, सोबत मिरची आली. त्या 'आलू'चा आपल्या आलूशी काही संबंध नाही. ज्याने नाव ऐकून बटाटा टाकला, त्याला पदार्थ माहीतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता ग्राहक म्हणून नाही, दुकानदार म्हणून शोधायचं. ही माझी पद्धत. तुम्ही पणजीला गेलात तर वापरा.

१. आधी ठरवा, नेमकं काय शोधताय?

पोर्तुगीज गोव्यात १५१० साली आले आणि १९६१ पर्यंत राहिले. साडेचारशे वर्षांत त्यांचं जेवण इथल्या नारळात, मसाल्यात आणि माशांत मिसळून गेलं. त्यामुळे लिस्बनमधलं जेवण वेगळं आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरातलं पोर्तुगीज वळणाचं जेवण वेगळं. काफ्रेआल हा हिरव्या वाटणाचा कोंबडीचा प्रकार तर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आला असं मानतात. शाकुती मूळची इथलीच, भाजलेल्या खोबऱ्याची. मला गोव्याच्या घरातलं जेवण हवं होतं. हे पक्कं झालं आणि अर्धी हॉटेलं यादीतून आपोआप गेली.

२. किनारा सोडा, वस्तीत शिरा

पणजीत फोंतेन्हास नावाचा जुना भाग आहे. पिवळ्या-निळ्या भिंती, कौलारू घरं, छोटे सज्जे. ३१ जानेवारी रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये व्हिवा पंजिम, हॉटेल व्हेनिते अशी जुन्या घरांतली हॉटेलं आहेत. एक जुनी बेकरीही आहे, 'कॉन्फेइतारिया ३१ द जानेइरो'. गाडी लावायला जागा नाही, पाटी छोटी. पण दुपारच्या वेळी स्थानिक कुटुंबं कुठे बसतात ते पायी फिरूनच कळतं. निघायच्या आधी वेळा विचारून घ्या. दुपारचं जेवण संपलं की बरीच हॉटेलं संध्याकाळपर्यंत बंद असतात.

३. वाईट रिव्ह्यू आधी वाचा

हो, वाईटच! 'पनीर बटर मसाला नाही', 'जेवण यायला वेळ लागतो', 'आज मासा नाही म्हणाले' अशी तक्रार दिसली की मी खूश होते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात जो म्हणतो 'हा मासा आज नाही', तो बहुतेक खरं बोलतोय.

४. बसायच्या आधी तीन प्रश्न विचारा

पहिला: व्हिनेगर कोणतं वापरता? माडाचं असेल तर सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो.

दुसरा: बाकाल्याव आहे का, आणि कुठून येतो? हा खारवून वाळवलेला कॉड मासा. तो आपल्या समुद्रात मिळत नाही, बाहेरून आणावा लागतो. म्हणून तो फार स्वस्त असेल तर शंका घ्या.

तिसरा: बेबिंका कोण करतं? अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा आणि तूप. एक थर भाजला की त्यावर दुसरा, वरून आच देत. तासन् तास उभं राहावं लागतं. 'बाहेरून आणतो' हे उत्तरही चालेल. पण कोणाकडून, ते सांगता आलं पाहिजे.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. 'काल्दो व्हेर्द' हे पालेभाजी आणि बटाट्याचं सूप दिसायला आपलं वाटतं. पण त्यात बऱ्याचदा शोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. विचारल्याशिवाय चमचा लावू नका.

एका गल्लीत एका घरात आम्ही जेवलो. मेनू दोन पानांचा. मी तिन्ही प्रश्न विचारले. काउंटरवरच्या मावशींनी तिन्हींची उत्तरं दिली आणि वर म्हणाल्या, "बाकाल्याव आज नाही. असता तरी पहिल्यांदा खाणाऱ्याला मी तो देत नाही, खारट लागतो. काफ्रेआल घ्या." समोर आलेलं विकायचं सोडून त्यांनी मला योग्य ते सांगितलं. मित्रांनो, त्या वाक्यावर मी तिथे परत जाईन.

आता आपल्या दुकानाचं

रात्री झोप लागेना, कारण मला माझं दुकान आठवलं.

मेहकरमध्ये माझं मसाले, पापड, लोणच्याचं दुकान आहे. पाटीवर लिहिलं होतं, 'अस्सल वऱ्हाडी मसाले'. लोणारचं सरोवर बघायला निघालेलं पुण्याचं एक कुटुंब एकदा थांबलं. ताईंनी विचारलं, "मिरची कोणती? भाजता कशावर?" माझ्या पोराने माझ्याकडे पाहिलं, मी पाकिटाकडे. खरं सांगते, चाळीस मालांपैकी बहुतेक मी होलसेलमधून आणून नवीन पाकिटात भरत होते. त्या ताई काही बोलल्या नाहीत. फक्त पाकीट खाली ठेवलं. त्या किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यात आणि माझ्यात फरक काय होता? मीही विंदालूत बटाटाच टाकत होते.

बीबीएला आम्हाला 'पोझिशनिंग' शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही. पण त्याचा अर्थ मला त्या पाकिटाने शिकवला. 'अस्सल' हा शब्द पाटीवर लिहायचा नसतो. ग्राहकाने तीन प्रश्न विचारले तर तीन उत्तरं देता आली पाहिजेत, बस.

परत आल्यावर मी पाटीवरून 'अस्सल' पुसलं. घरी होणारे अकरा माल वेगळ्या फळीवर मांडले. काळा मसाला, ठेचा, कुरडया वगैरे. प्रत्येकावर लिहिलं, कोणी केलं आणि कधी केलं. बाकीच्या मालावर सरळ 'बाहेरून आणलेला'. पहिला महिना गल्ला कमी झाला, हे लपवत नाही. घरात बोलणीही खाल्ली. पण आता अकरा मालांसाठी लोक फोन करून येतात, आणि माझा पोरगा कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

हे आत्ताच का सांगतेय? समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला आणि तो मेहकरजवळून जातो. शारंगधर बालाजीच्या दर्शनाला माणसं येतात, लोणारला जाणारी थांबतात. ती विचारतात, "इथलं खास काय मिळेल?" आपण पंजाबी-चायनीजची पाटी दाखवतो. रोडगे, वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा घरीच राहतो.

आणि पोर्तुगीजांनी आणलेली मिरची, बटाटा आणि पाव आपण कधीच आपले केलेत. आपला ठेचा त्यांच्या मिरचीशिवाय झाला नसता. म्हणून 'शुद्ध' असण्याचं ओझं घेऊ नका. फक्त काय करता, कसं करता आणि काय करत नाही, हे खरं सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल ग्राहक विचारेल असे तीन प्रश्न वहीत लिहा. उत्तरं दुकानातल्या पोराला विचारा, स्वतःला नाही. जिथे तो अडखळेल, तिथून कामाला लागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!